रोपांवरून फिरणारं लुगडं

मला फसवलं ते पॉलिहाऊसच्या सल्लागाराने. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता माझं डोकं फिरतं आणि कोणी कोणाला फसवलं हेच मला कळेनासं होतं.

माझी नर्सरी नाशिकहून सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. रस्त्याच्या बाजूला फुलझाडं मांडलेली आहेत, ती गाड्या थांबाव्यात म्हणून. खरा धंदा मागच्या बाजूला, टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांचा. प्लास्टिकचे ट्रे, ट्रेला खळगे, खळग्यात नारळाचा भुसा आणि भुशात एकेक बी. पंचवीस-सव्वीस दिवसांत रोप तयार होतं, शेतकरी ट्रे टेम्पोत घालून नेतो. माझं रोप कडक असतं अशी ख्याती होती. लावलं की उभं राहतं. या एका वाक्यावर मी एवढं सगळं उभं केलं.

मी काही शिकून या धंद्यात आलेलो नाही. अठराव्या वर्षी दुसऱ्यांच्या द्राक्षबागांचे खड्डे खणत होतो. मग सायकलला दोन पाट्या बांधून कॉलेज रोडच्या बंगल्यांत गुलाबाची कलमं विकली. गेटच्या आतली बाई "जास्त सांगतोस" म्हणायची, मी पाटी उचलून चालायला लागायचो, आणि चौथ्या पावलाला ती हाक मारायची. तिसऱ्या पावलाला मागे बघितलं की भाव गेला, हे मला तेव्हाच कळलं. माझा राग मात्र मला कधी असा मोजता आला नाही. तो पहिल्याच पावलाला बाहेर पडतो.

मावशी माझ्याकडे अकरा वर्षं होती. नात्याने कोणी नाही. पेठकडच्या डोंगरातली बाई, पूर्वी दर वर्षी भात कापून झालं की द्राक्षाच्या कामाला खाली यायची, एका वर्षी आली ती माझ्याकडेच राहिली. वयाने माझ्यापेक्षा मोठी. बोलणं कमी, दातांना सकाळ-संध्याकाळ मिशरी. कामाला नेमलेली होती ती ट्रे भरायला आणि पाणी द्यायला. पण पाणी द्यायच्या आधी ती आणखी एक काम करायची, जे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं.

तिच्याकडे एक जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचा हातभर रुंदीचा पट्टा ती हात वर उचलून दोन्ही हातांत ताणून धरायची आणि ट्रेंच्या रांगेवरून ओढत न्यायची. जाताना एकदा, येताना एकदा. कापडाखाली रोपं वाकायची आणि कापड पुढे गेलं की डोलत उभी राहायची. सगळी नर्सरी अशी व्हायला अर्धा तास लागायचा. सुरुवातीला मी विचारलं होतं, "मावशी, हे काय चाललंय?"

"झोपलेत. उठवते."

"त्यांना काय शाळेत जायचंय?"

बाकीच्या बाया हसल्या. तीही हसली आणि पट्टा ओढत पुढे गेली. मला वाटलं, तिच्या गावाकडची काही रीत असेल. कोणी तुळशीला हात जोडतं, ही रोपांना उठवते. रोप चांगलं येत होतं, मी लक्ष दिलं नाही. चांगलं का येतंय हे विचारायची गरज मला अकरा वर्षांत पडली नाही. बियाणं भारी, पाणी वेळेवर आणि मालक हुशार, असा माझा हिशेब होता.

मग जुनी शेडनेट फाटली आणि मी पॉलिहाऊस घ्यायचं ठरवलं. विकायला आला तो सल्लागार तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. मला काका म्हणायचा. त्याने किंमत सांगितली, मी उठून फुलझाडांना पाणी घालायला लागलो. तीन दिवस मी त्याला असा झुलवला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "काका, तुम्ही जिंकलात. एवढं कमी केलं, वर पहिल्या हंगामाचा सल्ला फुकट."

फुकटचं मी कधी सोडत नाही. तिथेच मी फसलो.

पॉलिहाऊस उभं राहिलं. चारी बाजूंना प्लास्टिकचे पडदे, वरून खाली सोडले की आत वाऱ्याचं नाव नाही. त्या दिवशी सकाळी सल्लागार आला तेव्हा मावशी पट्टा ओढत होती. तो दारातच थांबला.

"काका, ही बाई काय करतेय?"

"सवय आहे तिची."

"अहो, एका रोपाचा रोग दुसऱ्याला लावतेय ती. आणि तोंडात काय, तंबाखू?"

"मिशरी."

"संपलं मग. तंबाखूतनं टोमॅटोला व्हायरस जातो. हाताने जातो, कापडाने जातो. तुमची मागच्या उन्हाळ्यात पानं गोळा झाली होती ना?"

झाली होती. दोनशे ट्रे फेकावे लागले होते. ते पांढऱ्या माशीमुळे झालं हे मला तेव्हा कृषी केंद्रातल्या माणसाने सांगितलं होतं आणि मी ते मान्यही केलं होतं. पण दोनशे ट्रे फेकल्याचा राग माझ्यात तसाच पडून होता, आणि सल्लागाराने त्याला बोट दाखवायला जागा दिली.

दुपारी बाया डबे उघडून बसल्या होत्या. मी तिथेच गेलो. म्हणालो, "मावशी, उद्यापासून ते लुगडं बंद. रोपाला हात लावायचा नाही."

ती म्हणाली, "शेठ, मग ती पडतील."

आज ते वाक्य मला सरळ ऐकू येतं. त्या दिवशी मला ते शाप दिल्यासारखं वाटलं. नव्या पॉलिहाऊसमध्ये उभं राहून, माझ्याच बायांसमोर, माझी रोपं पडतील म्हणते! मी ओरडलो, "पाडलीस ती तूच! मिशरीच्या हाताने माझे दोनशे ट्रे खाल्लेस तू. रोग हातात घेऊन फिरतेस आणि वर मला शिकवतेस?"

कोणी घास उचलला नाही. मावशीने डब्याचं झाकण लावलं. उठून नळावर गेली, हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश, जणू मला दाखवायला. लुगड्याचा पट्टा तारेवर वाळत घातला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी म्हणालो, बरं झालं, अर्धा तास वाचला.

त्या हंगामाची रोपं इतकी देखणी आली की मी त्यांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले. वीतभर उंच, हिरवीगार, सगळी एका उंचीची. सल्लागाराने माझे फोटो पुढे त्याच्या गिऱ्हाइकांना पाठवले. सायखेड्याचा एक शेतकरी, माझं जुनं गिऱ्हाईक, सगळ्यात मोठा माल घेऊन गेला. ट्रे उचलताना तो जरा थांबला होता. "लय नाजूक दिसतंय, शेठ."

"उंच आहे म्हणून नाजूक दिसतं. सुनेला बघायला आलाय का?"

तो हसला आणि घेऊन गेला. पाचव्या दिवशी त्याचा फोन.

"शेठ, रोपं दिलीत का शेवया?"

मी आधी त्याच्यावरच चढलो. पाणी जास्त दिलं असेल, खोल लावलं नसेल, तुझी जमीनच तशी. तो म्हणाला, "या आन् तुमच्या डोळ्यानं बघा." गेलो. नदीकडून वारा सुटलेला, आमच्याकडे आषाढात सुटतो तसाच, काही वादळ नव्हे. ओळीच्या ओळी आडव्या. खोड जमिनीपासून दोन बोटांवर वाकून मोडलेलं, वरची पानं हिरवीगार. रोग नाही, कीड नाही. फक्त उभं राहणं त्यांना येत नव्हतं. बाजूच्या वाफ्यात त्याने दुसऱ्या नर्सरीची, साध्या नेटखालची रोपं लावली होती; दिसायला बुटकी, काळपट, पण वाऱ्यात मान हलवत उभी.

"बारा वर्सं तुमचं रोप लावतोय," तो म्हणाला. "औंदा काय केलं तुमी?"

"काहीच नाही केलं," मी म्हणालो. खरं तर हेच उत्तर होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

परत येऊन मी पॉलिहाऊसमध्ये शिरलो तो कोणाचं तरी नरडं धरायच्या तयारीने. बियाण्याची पाकिटं काढली, तीच कंपनी, तेच वाण. खताची पोती, तीच. पाणी तेच. उरलेले ट्रे बघत मी दाराकडे आलो आणि थांबलो. दाराजवळच्या दोन रांगांतली रोपं बुटकी होती. खोड जाड, पानं जवळजवळ, रंग गडद. आधी वाटलं, ही खुरटली. उपटून हातात धरलं तर ताठ. मधल्या रांगेतलं धरलं तर बोटावरून खाली लोंबलं. एकाच दिवशी पेरलेलं, एकाच पाकिटातलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि दाराजवळचा पडदा हलला. त्याची खालची दोरी तुटली होती. पडदा आत आला, त्या दोन रांगांवरून सरपटत गेला आणि परत बाहेर गेला. रोपं वाकली, उठली. पुन्हा पडदा आला. पुन्हा वाकली, उठली.

मी वर बघितलं. तारेवर अजून मावशीचा पट्टा होता, धूळ बसलेला.

माझ्याकडे कुंड्या न्यायला येणाऱ्या एक मॅडम आहेत, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात. दर कुंडीमागे वाद घालतात, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्या आल्या तेव्हा मी दोन्ही रोपं त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, झाडाला डोळे नाहीत, कान नाहीत, डोकं नाही. मग त्याला हात लागला हे कळतं कोणाला?"

त्यांनी जाड रोप उचललं. "पेशींना."

"म्हणजे?"

"हे खोड म्हणजे लाखो छोट्या छोट्या खोल्या समजा. प्रत्येक खोलीत पाणी ठासून भरलेलं, भिंतीला आतून ढकलणारं. रोप वाकलं की एका बाजूच्या खोल्या ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या दबतात. खोलीच्या आतलं जे पातळ अस्तर असतं, त्याला बारीक दारं असतात. अस्तर ताणलं की ती उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. तोच निरोप."

"कसला निरोप?"

"की इथे जोर पडतोय. मग पेशी लांब व्हायचं थांबवते आणि भिंत जाड करायला घेते. शेजारणीलाही कळवते. वारा नसला की निरोपच येत नाही. तिला वाटतं, सगळं ठीक आहे, उंच होत राहू."

"पण ती तर जिवंत आहे. उद्या शेतात वारा असणार हे तिला समजायला नको?"

"उद्याचं तिला काय माहीत? तिला फक्त आज किती ओढ लागली तेवढं माहीत असतं."

मला हे पटलंही आणि नाहीही. मी म्हणालो, "मग जास्त ओढ दिली तर जास्त जाड?"

"नाही ना. एका मर्यादेपर्यंत. रोज तेच होत राहिलं की तिला सवय होते, दहादा हात फिरवा नाहीतर शंभरदा, फरक पडत नाही. आणि मर्यादेबाहेर गेलात तर मोडते."

"मर्यादा किती?"

"ते झाडावर, वयावर, हवेवर आहे. आकडा नाही सांगता येणार."

आकडा नसलेला सौदा मी आयुष्यात केला नाही. मी चिडलो. "म्हणजे तुमचं शास्त्र सांगतं की हात लावा, पण किती ते सांगत नाही?"

त्या हसल्या. "तुमची ती कापडवाली बाई कुठे गेली? तिला विचारा की."

मी विषय बदलला आणि त्या दिवशी त्यांना कुंडी त्यांनी मागितलेल्या भावात दिली. त्यांना संशय आला असणार.

त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना तंबाखूचंही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सल्लागार पूर्ण खोटं नाही बोलला. तंबाखूच्या हाताने तसा रोग जाऊ शकतो. हात धुवून काम करायला सांगायचं, एवढंच." हे ऐकून मी आणखी गोंधळलो. सरळ खोटं बोलला असता तर मला बरं झालं असतं. अर्धं खरं सांगून बुडवणाऱ्या माणसाला धरायचं कुठे?

मग मी स्वतः करून बघितलं. नवे ट्रे पेरले. अर्ध्यांवरून रोज सकाळी पट्टा, अर्ध्यांना हात नाही. मावशीसारखा दोन्ही हातांनी ताणून धरला आणि ओढला. चौथ्या दिवशी निम्म्या रोपांची पानं फाटलेली, काहींचे शेंडे मोडलेले. मी दाबत होतो. कमी दाबायला गेलो तर कापड नुसतं वरून घसरायचं, रोप हलायचंच नाही. बाया कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "शेठ, गाईला खरारा करताय का?"

माझे हात बघितले. एके काळी या तळव्यांवर विस्तवाचा निखारा झेलला असता, इतके घट्टे होते. कुदळीच्या दांड्याने जिथे जिथे घासलं तिथे कातडीने स्वतःहून जाड थर चढवला होता, मी सांगितलं नव्हतं. आता फोन आणि टेम्पोचं स्टिअरिंग. कातडीने तो थर हळूहळू काढून घेतला, तेव्हाही मला विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी हौसेने एक खड्डा खणला तर संध्याकाळी पाच फोड. माझ्याच अंगातल्या पेशी रोज माझा अंदाज घेतात, यावर किती जोर पडतो, याला किती लागतं, आणि तेवढंच ठेवतात. माझ्यापेक्षा मोठे घासाघीस करणारे माझ्या कातडीत बसलेत.

पण यावरून कोणी मला सांगू नये की कष्टाने माणूस घडतो. ते सांगणारे बहुतेक खुर्चीत बसून सांगतात. माझ्याबरोबर खड्डे खणणाऱ्यांतल्या दोघांच्या पाठी चाळिशीतच गेल्या. तीच कुदळ, तेच ऊन. मला घट्टे मिळाले, त्यांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजल्या. एकच जोर एकाला जाड करतो आणि दुसऱ्याला मोडतो, आणि कोणाला काय होणार हे आधी कोणी सांगत नाही. हे मला समजत नाही. खरंच समजत नाही.

एवढं मात्र समजलं की मावशीशिवाय पुढचा हंगाम जाणार नाही. सायखेड्याचा शेतकरी फिरला होता, त्याच्या शब्दावर आणखी चौघं फिरले होते. माझं रोप उभं राहत नाही, असं निफाडपर्यंत बोललं जात होतं.

थंडी सुरू होता होता ती एकलहऱ्याला आहे असं बायांकडून कळलं. वीजकेंद्राच्या राखेपासून विटा पाडतात तिथे. मी गेलो तेव्हा दुपार होती, सगळं राखाडी, झाडांची पानंही. मावशी विटांच्या थप्प्यांवर पाईपने पाणी मारत होती. पाईप डाव्या हातात.

"काय शेठ, इकडं कुठं? विटा पायजेत?"

"मावशी, चल परत."

"कशाला? मिशरीच्या हाताला तुमच्याकडं काय काम?"

मी मजुरी वाढवतो म्हणालो. तिने पाईप पुढच्या थप्पीवर वळवला. आणखी वाढवली. तीच गत. मी चिडून म्हणालो, "मग तुझा भाव तरी सांग!"

ती हसली. "तुमी भाव करायला आलात व्हय? माझा भाव नाय. चार बायांम्होरं बोलला होतात ना? चार बायांम्होरं सांगा."

"काय सांगू?"

"तुमाला ठाऊक हाय."

मी गप्प राहिलो. नेहमी मी गप्प राहिलो की समोरचा खाली येतो. ती पाणी मारत राहिली. शेवटी मी म्हणालो, "बरं. रविवारी ये. सांगतो. मग सोमवारपासून कामावर."

तेव्हा तिने पाईप खाली ठेवला आणि उजवा हात वर उचलला. खांद्याच्या खालीच तो थांबला. चेहऱ्यावर कळ आली, तिने दात आवळले, हात तेवढाच राहिला. "आता वर जात नाय. विटा उचलून उचलून गेला. आधी दुखायचा, मुकादम म्हनला सवय होईल. झाली नाय." मग तिने हात सोडला. "दोन्ही हातांनी लुगडं धरायचं म्हनजे हात वर पायजे ना, शेठ."

टेम्पो सुरू केला आणि रस्ताभर मनात एकच चक्र. अकरा वर्षं तिने सकाळी अर्धा तास तो पट्टा हातात तोलून धरला, आणि त्याने तिच्या खांद्याला काही झालं नाही. उलट पोसला असेल. सहा महिने विटा, आणि तो गेला. वाढवणारा जोर आणि मोडणारा जोर यांच्या मधली ती रेषा, जी मॅडमना सांगता आली नाही आणि मला हाताने सापडली नाही, ती फक्त तिला माहीत होती. आणि मी तिला रेषेच्या पलीकडे पाठवलं.

रविवारी ती आली. बाया होत्याच, मी सायखेड्याच्या शेतकऱ्यालाही बोलावलं होतं. मी सुरुवात केली, "सल्लागाराने मला सांगितलं होतं की..."

"त्याचं नंतर," मावशी म्हणाली. "तुमचं सांगा."

मी आयुष्यात भाव पाडला, माणसं झुलवली, गुलाबाची मेलेली कलमंही एकदा जिवंत म्हणून विकली. पण तेवढी दोन वाक्यं बोलायला मला घाम फुटला. म्हणालो, "ते दोनशे ट्रे मावशीच्या हाताने गेले नव्हते. मला माहीत होतं, तरी मी बोललो, आणि रोपं उठवणारं तिचं लुगडं बंद केलं."

शेतकरी म्हणाला, "म्हनजे माझ्या शेवया मावशी न्हवती म्हनून?"

"हो."

"मग आदी तिला कामावर आना की!"

बाया हसल्या. मावशी हसली नाही, पण उठली. पट्ट्याचं एक टोक तिने डाव्या हातात धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी एक रांग केली. अर्ध्यावर ती ओरडली, "लय दाबता, शेठ! त्याला पाडायचं नाय. कळू द्यायचं फक्त. वाकलं का सोडा. उठायचं काम त्याचं हाय, ते त्याला करू द्या."

मी पुन्हा ओढला. ती म्हणाली, "आता जरा बरं." अकरा वर्षांत मी तिला कधी शाबासकी दिली नव्हती. एवढ्या शब्दासाठी मी दुसरी रांगही केली.

ती कामावर परत आली नाही. आठवड्यातून एकदा येते, स्टुलावर बसते आणि मला व बायांना ओरडते. सरकारी दवाखान्यात तिला व्यायाम दिलाय: भिंतीला बोटं लावून हात रोज थोडा थोडा वर सरकवायचा, दुखायला लागलं की थांबायचं. म्हणजे जोराने मोडलेल्या खांद्याला पुन्हा जोरच द्यायचा, फक्त मोजून. मी मॅडमना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "तेच तर. पेशींना तेवढंच कळतं." मला ते अजूनही कळत नाही. हात मागच्या महिन्यात खांद्याच्या एक बोट वर गेला. पुढे जाईल का, कोणी सांगत नाही.

सल्लागाराला मी फोन केला. सगळं सांगितलं, न ओरडता, जे मला फार जड गेलं. तो म्हणाला, "काका, कोटेशनमध्ये तसं काही लिहिलेलं नव्हतं ना. आणि हात लावू नका हे जनरल सांगतो मी सगळ्यांना." सगळ्यांना! म्हणजे आजही तो कुठल्या तरी नर्सरीच्या दारात टॅब घेऊन उभा असेल, आणि आत एखादी बाई हातातला झाडू, काठी किंवा लुगडं खाली ठेवत असेल, कारण मालकाला कोणीतरी फुकटचा सल्ला दिलाय.

म्हणून त्याला मी इथे लिहून विचारतो. साहेब, पत्ता तुमच्याकडे आहे, पॉलिहाऊस तुम्हीच उभं केलंत. एका रविवारी या. दाराजवळचा तो पडदा मी अजून बांधलेला नाही, त्याखालची रोपं बघा. मग स्टुलावर बसलेल्या बाईला म्हणा, मावशी, हात वर करा. तो जिथे थांबेल तिथे बघा, आणि तिच्या तोंडावर सांगा की हे कोणाच्या पदरात घालायचं. माझ्या वाटणीचं मी चार बायांसमोर आणि एका गिऱ्हाइकासमोर बोललो आहे. तुमच्या वाटणीचं तुम्ही बोला. यात मी घासाघीस करणार नाही.